दूरस्थ एमएस्सी केमिस्ट्री : दहा महिन्यांनंतर एका शिक्षिकेचा अनुभव

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. शिक्षण बीएस्सी, बीएड. हायर सेकंडरीला रसायनशास्त्र शिकवायचं तर एमएस्सी हवी आणि नोकरी, घर सांभाळून रोज ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठात, जाऊन बसणं मला जमणारं नव्हतं. म्हणून दूरस्थ एमएस्सीला प्रवेश घेतला. शनिवार-रविवारी ऑनलाइन तास, त्यांची रेकॉर्डिंग आणि प्रात्यक्षिकांसाठी गोव्याबाहेर शिबिर. परवा दहा महिने पूर्ण झाले. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून विद्यापीठाचं नाव देत नाही.

आधी पैशांची गोष्ट. ‘घरबसल्या शंभर टक्के ऑनलाइन एमएस्सी केमिस्ट्री’ अशी जाहिरात दिसली तर तिथेच थांबा. प्रयोगशाळा लागणाऱ्या पदव्या पूर्ण ऑनलाइन द्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२० च्या नियमांत मुभा नाही. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यतेची यादी असते. तिथे नुसतं विद्यापीठ नाही, तर नेमका अभ्यासक्रम आणि नेमकं वर्ष बघा. मान्यता असेल तर ही पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. माझ्या एका सहकाऱ्याला हे उशिरा कळलं आणि त्याची फी बुडाली.

आता शिकण्याबद्दल. सगळ्यात जास्त मिळालं ते स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे आलेखांवरून रेणूची रचना ओळखण्यात. त्यातली एनएमआर ही पद्धत चुंबकीय क्षेत्रात रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवते; बीएस्सीला ती मी पाठ करून पास झाले होते. इथे रेकॉर्डिंग थांबवून, मागे नेऊन, वहीत शिखरं काढत बसले. एका रात्री इथेनॉलचा आलेख समोर होता : तीन शिखरं, क्षेत्रफळं एकास दोनास तीन. ओएचचा एक हायड्रोजन, सीएच-टूचे दोन, सीएच-थ्रीचे तीन. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला हा आलेख ज्या तिघांनी प्रसिद्ध केला त्यांत एक होते एस. एस. धर्मट्टी (मी आधी धर्माधिकारी असं वाचलं होतं). त्यांनीच पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) एनएमआरचं काम उभं केलं. इतकी वर्षं शिकवते आहे आणि हे नाव माझ्या कानावर आलं नव्हतं, याचं वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात पहिलं तेच सांगितलं.

एप्रिलमध्ये, भाट्यांवर काजूची दारू गाळायच्या मोसमात, एका मुलाने विचारलं, “टीचर, आमच्या भाटीवर एकदा काढली की हुर्राक, परत चढवली की फेणी. दुसऱ्यांदा कडक का होते?” पूर्वी मी म्हटलं असतं, अल्कोहोल आधी उकळतं, पाणी मागे राहतं. हे उत्तर अर्धवट आहे, कारण पाणीही वाफेबरोबर येतंच. फक्त वाफेत अल्कोहोलचं प्रमाण खालच्या द्रवापेक्षा जास्त असतं. ती वाफ थंड करून पुन्हा उकळली की प्रमाण आणखी चढतं. मी फळ्यावर तो आलेख काढला, पायरी पायरीने वर जाणारा. मग त्याने विचारलं, असं करत शंभर टक्के होईल का? नाही होणार. वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर, ७८.२ अंशांना, वाफ आणि द्रव सारखेच होतात, तिथून पुढे साध्या ऊर्ध्वपातनाने जाता येत नाही. हे उत्तर मला त्याच आठवड्याच्या तासामुळे देता आलं. फी वसूल झाली असं मला त्या दिवशी वाटलं.

त्रासही झाला. जूनपासून आमच्याकडे पाऊस लागला की वीज जाते आणि मोबाइलची रेंजही. तास सुटला तर रेकॉर्डिंग मिळतं, पण परीक्षेला ती सोय नाही. पहिल्या सत्रात मध्येच जोडणी तुटली, पुन्हा लॉगिन होईपर्यंत अठरा मिनिटं गेली. ती वेळ वाढवून मिळाली नाही. मेलला उत्तर नवव्या दिवशी आलं, तेही छापील साच्यातलं. तेव्हापासून परीक्षेच्या दिवशी वाळपईला मावशीकडे जाते, तिच्याकडे इन्व्हर्टर आहे.

शिबिर आठ दिवसांचं होतं आणि ते कमी पडलं. द्रावणातलं निकेल वेगळं करून, तोलून त्याचं प्रमाण काढायचं होतं. डायमिथाइलग्लायॉक्झिम हे रसायन घातलं की लालभडक साका येतो, फुगलेला, काचेवर वर चढणारा. घाईने ओतला तर तो गाळायच्या भांड्याच्या, क्रूसिबलच्या, कडेवरून निसटतो. माझा निसटला. मग वाळवा, थंड करा, तोला, पुन्हा वाळवा, दोन वजनं जुळेपर्यंत. चोवीस जणांत एकच तराजू, रांगेतच दुपार जायची. संध्याकाळी सहाला प्रयोगशाळा बंद. पडद्यावर हाच प्रयोग मी चार वेळा पाहिला होता आणि सगळं समजलंय असं वाटत होतं. हाताला मात्र काहीच येत नव्हतं. प्रवेश घेण्याआधी शिबिर किती दिवसांचं, एका तुकडीत किती जण, हे लेखी विचारून घ्या.

पुढचं शिबिर ऑक्टोबरात आहे. तोवर शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास आमच्याच प्रयोगशाळेत ब्युरेट घेऊन बसते. तो भाटीवाला मुलगा आणि आणखी दोघी थांबतात. परवा त्याने घरून ग्राव, म्हणजे दारूचा कडकपणा, मोजायची काचेची नळी आणली होती. आम्ही ती आधी साध्या पाण्यात सोडली, मग मिठाच्या पाण्यात, आणि ती किती वर आली ते तिघांनी वहीत लिहून घेतलं.