कोकणच्या किनाऱ्यावर आधी कोणता फिल्टर: सीपीएल की एनडी?

एकाच फिल्टरपुरते पैसे आहेत आणि गुहागर-हर्णैची फेरी ठरली आहे, तर कॅमेरा कधी बाहेर निघणार ते आधी ठरवा. दिवसभर भटकणार असाल तर सीपीएल, म्हणजे चकाकी घालवणारा पोलरायझर. ट्रायपॉड घेऊन संध्याकाळी कातळावर थांबणार असाल तर एनडी ६४, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच. कारण आपला समुद्र पश्चिमेला आहे, संध्याकाळी सूर्य समोरच असतो.

सीपीएल सर्वांत गडद करतो ते सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश. सूर्यास्ताला समुद्राकडे तोंड केलं की आकाशावर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. सकाळी सूर्य पाठीशी असतानाही तेच. मात्र तिथेच उत्तरेला किंवा दक्षिणेला वळून माडांची रांग घ्या, निळा लगेच गहिरा होतो. वाइड लेन्सवर हाच निळा एका बाजूला काळपट, दुसरीकडे फिका पडतो. तेव्हा फिल्टरची फिरती कडी वळवून परिणाम थोडा कमी ठेवा. त्याचं खरं काम पावसाळ्यात दिसतं. ओल्या जांभ्यावरची पांढरी चकाकी जाते आणि दगडाचा तांबडा रंग वर येतो. संगणकावर हे नंतर जमत नाही. बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). कडी नेहमी आटे घट्ट होतात त्याच दिशेला फिरवा, नाहीतर फिल्टर सुटून वाळूत.

एनडी फक्त उजेड कमी करतो: एनडी ८ तीन स्टॉप, एनडी ६४ सहा, एनडी १००० दहा. १/६० सेकंदाचा शटर एनडी ६४ ने साधारण १ सेकंद होतो, आणि कातळावरून ओसरणाऱ्या पाण्याच्या रेषा एवढ्याच वेळात छान उमटतात. एनडी १००० ने १७ सेकंद, म्हणजे पाण्याचं धुकं. लाट अशी उरतच नाही. शिवाय त्याच्याआड ऑटोफोकस चाचपडतो. आधी फोकस करा, मॅन्युअलवर टाका, मगच फिल्टर चढवा. ओसरती लाट ट्रायपॉडच्या पायाखालची वाळू ओढून नेते आणि फोटो हलतो, म्हणून पाय वीतभर रुतवा.

यूव्ही, म्हणजे अतिनील किरण अडवणाऱ्या फिल्टरवर वेगळा खर्च नको. सेन्सरपुढे तशी काच आधीच असते. खारे तुषार लेन्सवर बसू नयेत एवढाच त्याचा फायदा. सूर्य समोर असताना तोही काढा, नाहीतर फोटोत सूर्याचे खोटे ठिपके येतात.

तुषार कोरड्या कापडाने कधीच पुसू नका, मिठाच्या कणांनी ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्याच्या थेंबांनी मीठ विरघळू द्या, मग मायक्रोफायबरने टिपा. सीपीएल पाण्यात बुडवू नका, फिरत्या कडीत पाणी शिरतं. मिठाने आटे धरले तर कडीभोवती जाड रबरबँड गुंडाळा आणि न दाबता, हलक्या हाताने फिरवा.