ठाण्याच्या बाल्कनीत लार्कस्पर: सहा महिन्यांनंतर

लार्कस्पर या फुलझाडाच्या बियांच्या पाकिटावर ‘सोपं, नवशिक्यांसाठी योग्य’ असं छापलेलं होतं. छापणाऱ्याने ठाण्यातला ऑक्टोबर काढलेला नसावा.

आमचं घर घोडबंदर रोडच्या बाजूला, सातवा मजला. बाल्कनी पूर्वेची, ऊन सकाळी सव्वासातपासून बारापर्यंत. दसऱ्याच्या सुमारास बी आणलं आणि झेंडू पेरावा तसं लगेच पेरून मोकळी झाले. ३० बियांतून ३ कोंब आले, तेही आठवड्यात बुडाशी काळे पडून आडवे. आधी पाण्याला दोष दिला, मग मातीला, मनातल्या मनात नर्सरीवाल्यालाही. दोष उकाड्याचा होता. या बीला उगवायला गारवा लागतो, साधारण १८ अंशांच्या आतला, आणि वर अंधारही. ऑक्टोबर हीटमध्ये ते कुठून मिळणार?

उरलेलं बी ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत घातलं आणि डबी १२ दिवस फ्रिजमध्ये ठेवली. बी दिसायला थेट कांद्याच्या बियांसारखं, काळं. आणि विषारी. म्हणून झाकणावर लाल पेनाने ‘खायचं नाही’ लिहिलं. ५ डिसेंबरला १२ इंची कुंड्यांत पेरलं, वर नखभर माती सारली. १६ दिवस काहीच नाही. मी कुंड्या रिकाम्या करायच्या बेतात होते, तेवढ्यात पहाटेचा गारवा पडला आणि २१ तारखेला पहिला कोंब दिसला. ३० पैकी १९ आले. एका कुंडीत तीनच ठेवून बाकीची काढली, तेव्हा जीव तुटला. पण दाटीत ठेवलं असतं तर पुढे भुरी या बुरशीने सगळंच गेलं असतं.

रोप उचलून दुसरीकडे लावायचं नाही, हे मी वाचलं होतं, तरी ऐरोलीच्या मैत्रिणीने मागितलं म्हणून काढून दिलं. मूळ सरळ खाली जातं, खिळ्यासारखं. अर्धं तुटलंच. दोन दिवसांत रोपाने मान टाकली. आता कोणी मागितलं तर बी देते.

पानं बारीक, पिसासारखी. जानेवारीत सासूबाई कुंडीवर वाकल्या आणि म्हणाल्या, “अगं, शेपू चांगला आलाय की. मुगाच्या डाळीत घालूया?” मी धावतच गेले. बी, पानं, सगळंच विषारी. बियांत सर्वांत जास्त. त्या दिवशी कुंडीत आइस्क्रीमच्या काडीवर पाटी लावली: ‘शेपू नाही’. घरात लहान मूल किंवा पानं चावणारी मांजर असेल तर हे झाड सरळ टाळा.

फुलं फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आली आणि मग बाकी सगळं विसरायला झालं. कळी उमलण्याआधी बेडकाच्या पिलासारखी दिसते, मागे शेपटी. फूल उघडलं की ती शेपटी मागे नखीसारखी वळून राहते. इंग्रजीत ‘लार्कस्पर’ नाव पडलं ते लार्क म्हणजे चंडोल पक्ष्याच्या मागच्या नखीवरून. आमच्याकडे निळा, जांभळा आणि एक फिका गुलाबी आला. निळा असा की ठाण्याच्या आकाशात मार्चमध्ये तो दिसत नाही.

पाकिटावर उंची ३ ते ४ फूट होती, आमची जेमतेम दोन. एकदा वारा सुटला आणि एक दांडा मोडला, मग काठ्या लावल्या. पाणी बोटभर माती सुकल्यावरच. रोज घातलं की पानं पिवळी. भुरी आली फेब्रुवारीच्या शेवटी, खालच्या पानांवर पीठ उडाल्यासारखी. ती पानं तोडली आणि कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी केली. थांबली, पूर्ण गेली नाही.

पाडव्याच्या सुमारास सगळं वाळलं. हे मौसमी रोप आहे, वाळणारच. उन्हाळ्यात त्याला जगवायच्या भानगडीत पडू नका. त्याआधी चार दांडे कापून बेडरूमच्या कपाटात उलटे टांगले होते. निळा रंग अजून तसाच आहे, गुलाबी मात्र मळकट झाला.

पैसे वसूल झाले का? दीड महिन्याची फुलं आणि अडीच महिने वाट बघणं, तरी झाले. शेंगा पिकल्या तेव्हा बी काढून डबीत भरलंय. डबी फ्रिजच्या दारात आहे, लोणच्याच्या बाटलीमागे, लाल अक्षरांसकट. या वर्षी डिसेंबरच्या आधी ती उघडणार नाही.