बेळगावात जुन्या कॅसेटी उतरवून देणारे दुकान

खडे बाजारालगतच्या गल्लीत, पूर्वी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक छोटे दुकान आता जुन्या कॅसेटींवरील ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवून देते. गेल्या महिन्यात मी तेथे तीन कॅसेटी दिल्या. दोन घरातील लग्नांच्या होत्या आणि त्यांचे काम नीट झाले. तिसरी नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट होती. 2001 मध्ये, मी सतरा वर्षांचा असताना, मित्राने तिच्यावर ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचा आदल्या वर्षी आलेला ‘कंदिसा’ हा अल्बम उतरवून दिला होता आणि दुसऱ्या बाजूस उरलेल्या फितीवर मी माझी पहिली चार गाणी भरली होती.

बेळगावच्या पावसाळ्यात कपाटातही फितीला पांढरी बुरशी धरते, आणि या कॅसेटमध्ये तर फितीमागची नमद्याची बारीक गादीही गळून पडली होती. ती नसली की फीत हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही आणि आवाज दबका होतो. कारागिरांनी फीत हलक्या हाताने पुसून दुसऱ्या खोक्यात बसवली, हेडचा कोन कानाने ऐकत स्क्रूने जुळवला आणि मगच उतरवण्यास सुरुवात केली. हे काम घाईने होत नाही, कारण नव्वद मिनिटांच्या फितीला नव्वद मिनिटेच लागतात. कॅसेटमागे अडीचशे रुपये आणि तीन दिवस, हे मला रास्त वाटले.

तक्रार एकच आहे. पहिल्या खेपेस मला न विचारता खरखर काढून टाकलेली फाइल मिळाली. खरखरीबरोबर तबल्याची आस, म्हणजे थापेनंतर रेंगाळणारा नाद, हीही गेली होती, आणि बँडचे तबलावादक-गायक असीम चक्रवर्ती या ध्वनिमुद्रणात तबला वाजवता वाजवता गातात तेव्हा ओळींच्या मधे ऐकू येणारा श्वासही. मी परत गेल्यावर त्यांनी वाद न घालता, जादा पैसे न घेता, मूळ आवाज जसाच्या तसा पुन्हा उतरवून दिला.

त्या दुसऱ्या फाइलमध्ये बँड संपून माझा कोवळा आवाज सुरू होतो, ते ठिकाण मी अनेकदा ऐकले. त्याआधी मी चंद्र, सागर, गुलमोहर असे शब्द जुळवून सहा-सहा कडव्यांची गाणी लिहीत असे, आणि सागर तर मी दोनदाच पाहिला होता. ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचे लोकगीत त्या बँडकडून ऐकले आणि नदीचे नाव घेऊन, मोजक्या शब्दांत, उरलेली जागा वाद्यांना देऊन गाणे उभे राहू शकते हे पहिल्यांदा कळले. मग आपली मलप्रभा का नको, असा प्रश्न पडला. कणकुंबीला तिचा उगम मी शाळेच्या सहलीत पाहिलेला होता. फितीवरचे माझे तिसरे गाणे बेळगावातल्या वडगावच्या विणकरांच्या मागांवर आहे. त्यात सारखी येणारी खट्-खट् ही त्या बँडच्या तालाची उघड नक्कल आहे, तरी तो आवाज माझ्या घराच्या भिंतीपलीकडचाच होता. कारागीर ते ऐकून म्हणाले, “हे आमच्या वडगावचंच की हो!”

अल्बमला नाव देणारे गीत अरमाइक या पश्चिम आशियातील प्राचीन भाषेतील प्रार्थना आहे आणि ‘हिल्ले ले’ हे गोरख पांडे यांचे भोजपुरी गीत आहे. मला दोन्ही भाषा येत नव्हत्या, तरी गाणी आतवर पोहोचली. ज्या गावात दुकानाच्या पाटीच्या भाषेवरूनही वाद होतात, तेथे वाढणाऱ्या मुलाला याचा मोठा आधार वाटला. मी आजही मराठीतच लिहितो, परंतु कन्नड येत असलेला शेजारी माझ्या गाण्याच्या दारातच थांबू नये, याची काळजी चाल बांधताना घेतो. ही सवय मला याच फितीने लावली, असे मी खात्रीने सांगू शकतो.

कॅसेट देणार असाल तर खरखर काढायची नाही हे आधीच स्पष्ट सांगा, एमपी३ ऐवजी आवाज न दाबता साठवणारी वेव्ह फाइल मागून घ्या आणि पेनड्राइव्ह स्वतःचा न्या. मूळ कॅसेट परत घेण्यास विसरू नका. वडिलांच्या भजनांच्या अकरा कॅसेटी मी पुढच्या आठवड्यात तेथेच देणार आहे.