डेटाब्रिक्स वर्कस्पेस कोडमधून चालवायला लागून बरेच महिने झाले, तर हा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. डेटाब्रिक्स या मोठ्या डेटावर काम करायच्या क्लाउड सेवेचं वर्कस्पेस (टीमची त्यातली कामाची जागा) पोर्टलवर क्लिक करत चालवणं बंद करून जॉब (ठरल्याप्रमाणे चालणारी कामं), क्लस्टर (ती चालवणारी मशीन), पॉलिसी, परवानग्या सगळं गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या कोडच्या साठ्यात, आणायला जो त्रास पडतो तो पूर्ण वसूल होतो, फक्त लोक ज्या कारणासाठी हे करायला घेतात त्या कारणाने नाही. लोकांना वाटतं वेळ वाचेल. सुरुवातीला अजिबात वाचत नाही, उलट पोर्टलवर दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टीला पुल रिक्वेस्ट (बदल तपासायला मांडणं), रिव्ह्यू, पाइपलाइन (तो आपोआप लागू करणारी साखळी) असं करत अर्धा दिवस जातो आणि टीममधले लोक कुरकुर करतात. खरा फायदा वेगळाच आहे, कुठलाही बदल होण्याआधी तो दुसऱ्या माणसाला वाचता येतो, आणि सहा महिन्यांनी कुणी विचारलं की हे असं का आहे तर उत्तर सापडतं.

आमचं सगळं अझ्युरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) आहे, सेंट्रल इंडिया रीजनमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात सुरू केलेला रीजन, आणि योगायोगाने टीमही पुण्यातलीच. डेव्हचं (करून बघायचं) वर्कस्पेस वेगळं, प्रॉडचं (खऱ्या कामाचं) वेगळं. आधीची पद्धत बहुतेक ठिकाणी असते तीच होती, ज्याने जॉब बनवला त्याच्या नावावर तो चालायचा, तो माणूस कंपनी सोडून गेला की त्याचं अकाउंट बंद आणि त्या रात्रीपासून जॉब पडायला सुरुवात. डेव्हमध्ये एक टाइमआउट, प्रॉडमध्ये दुसरा, आणि दोन्हीतला कुठला मुद्दाम ठेवलाय अन् कुठला चुकून राहिलाय हे सांगणारं कुणी नाही. डेटा इंजिनिअर मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

आम्ही दोन हत्यारं वापरतो आणि हे वाटप मला आता अगदी पटलेलं आहे. पाया टेराफॉर्म या क्लाउडवरच्या गोष्टी कोडमधून उभ्या करणाऱ्या साधनात, म्हणजे वर्कस्पेस स्वतः, नेटवर्क, क्लस्टर पॉलिसी, ग्रुप, युनिटी कॅटलॉगचे (टेबलं आणि त्यांच्या परवानग्या सांभाळणारा डेटाब्रिक्सचा भाग) कॅटलॉग आणि स्कीमा (टेबलांचे गट), सीक्रेट स्कोप (पासवर्ड वगैरे ठेवायचे कप्पे). आणि रोज बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे जॉब आणि डेटाच्या पाइपलाइन, त्या डेटाब्रिक्स ॲसेट बंडलमध्ये, म्हणजे जॉबची माहिती आणि कोड एकत्र बांधून वर्कस्पेसमध्ये डिप्लॉय करायच्या (बसवायच्या) डेटाब्रिक्सच्याच साधनात. बंडल २०२३ मध्ये प्रीव्ह्यूला आलं, २०२४ मध्ये सगळ्यांसाठी पक्कं झालं, आणि ते सुरुवातीला आतून टेराफॉर्मवरच उभं होतं, मग लोक विचारतात की सगळं टेराफॉर्ममध्येच का नाही लिहिलं? कारण बदलाचा वेग वेगळा आणि बदल करणारी माणसंही वेगळी. जॉबमध्ये एक टास्क वाढवायला डेटा इंजिनिअरला नेटवर्कच्या कोडजवळ जायची वेळ येऊ नये, आणि नेटवर्क बघणाऱ्याला आमच्या नोटबुकांचे पाथ रिव्ह्यू करायला लागू नयेत. बंडलमध्ये जॉबची वायएमएल फाइल (सेटिंग लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल) आणि त्याचा पायथन कोड एकाच रिपोत शेजारी शेजारी राहतात, कोड बदलला आणि त्यासोबत लायब्ररीचं व्हर्जन बदललं तर दोन्ही एकाच कमिटमध्ये दिसतं. मला तर हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

बंडलचा डेव्हलपमेंट मोड हा भाग मनापासून आवडला. टार्गेटमध्ये (कुठे डिप्लॉय करायचं ते सांगणाऱ्या भागात) मोड डेव्हलपमेंट लिहिलं की डिप्लॉय करताना प्रत्येक जॉबच्या नावाआधी डेव्ह आणि तुमचं युजरनेम आपोआप लागतं, सगळी शेड्युल आणि ट्रिगर पॉज होतात, पाइपलाइन डेव्हलपमेंट मोडमध्ये जातात. म्हणजे टीममधल्या पाच जणांनी एकच बंडल आपापल्या ब्रांचवरून एकाच डेव्ह वर्कस्पेसमध्ये टाकलं तरी कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही, आणि रात्री दोन वाजता कुणाचा अर्धवट जॉब उठून चालू होत नाही. प्रॉडक्शन मोडमध्ये उलटं, तिथे तो कडक होतो, कुठल्या गिट ब्रांचवरून डिप्लॉय चाललंय ते तपासता येतं, आणि जॉब कुणाच्या नावाने चालणार ते रन-ॲज मध्ये लिहायचं. आम्ही तिथे सर्व्हिस प्रिन्सिपल (कुणा माणसाचं नसलेलं, प्रोग्रामसाठीचं अकाउंट) ठेवला, आणि माणूस गेला म्हणून जॉब पडला हा प्रकार कायमचा संपला. एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा मी हे परत करेन.

बंडलने डिप्लॉय केलेला जॉब पोर्टलवर उघडला तर तो लॉक दिसतो, हा सोर्सला जोडलेला आहे, बदल तिकडे करा असं सांगतो. डिस्कनेक्ट करायचा पर्याय असतो, पण तो मुद्दाम दाबावा लागतो, सहज हात लागून होत नाही. रात्री ऑन-कॉल असलेल्या माणसाने घाईत काहीतरी बदलायचं आणि सकाळी सांगायला विसरायचं, हे यामुळे बरंच कमी झालं.

आता जुन्या गोष्टी कोडमध्ये आणणं. हा भाग जितका कंटाळवाणा तितकाच महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक टीम इथेच दमतात. बंडलसाठी जनरेट कमांड आहे, जुन्या जॉबचा आयडी दिला की त्याची वायएमएल आणि नोटबुकं उतरवून देते, मग बाइंड कमांडने तो कोड त्या चालू जॉबला जोडायचा. बाइंड केलं नाही तर डिप्लॉय केल्यावर त्याच नावाचा दुसरा नवा जॉब तयार होतो, जुनाही चालू आणि नवाही चालू, आणि टेबलात डेटा दोनदा. म्हणून जनरेट आणि बाइंड ही जोडी लक्षात ठेवा, एक केलं की दुसरं करायचंच. टेराफॉर्मकडे १.५ व्हर्जनपासून इम्पोर्ट ब्लॉक आहेत, ते कोडमध्येच लिहायचे, प्लॅनमध्ये (काय बदलणार याची आधी मिळणारी यादी) दिसतात, रिव्ह्यू होतो. आधीची एकेक रिसोर्स (क्लस्टर, ग्रुप अशी एकेक गोष्ट) कमांडने ओढायची पद्धत मोठ्या वर्कस्पेसला झेपणारी नव्हती. डेटाब्रिक्स प्रोव्हायडरसोबत (टेराफॉर्मला डेटाब्रिक्सशी जोडणारा भाग) एक एक्सपोर्टरही येतो जो अख्खं वर्कस्पेस टेराफॉर्ममध्ये उतरवतो, तो चालवून बघायला चांगला आहे, वर्कस्पेसमध्ये नक्की काय काय पडलंय ते कळतं, पण त्याने काढलेला कोड तसाच मेन ब्रांचला टाकू नका, कुणीतरी कधीतरी प्रयोगासाठी बनवलेली क्लस्टरं पण त्यात येतात आणि मग तुम्ही कचऱ्याची पण निगा राखत बसता.

इथे स्टेट फाइल समजून घ्यावीच लागते. स्टेट म्हणजे टेराफॉर्मचा सातबारा, त्यावर नोंद नसेल तर ती जमीन प्रत्यक्षात तुम्हीच कसत असलात तरी टेराफॉर्मच्या लेखी तुमची नाही, तो नवीन बनवायला जाईल. आमची स्टेट अझ्युरच्या ब्लॉब स्टोरेजमध्ये आहे, तिथे ब्लॉबच्या लीजवर लॉक मिळतं त्यामुळे दोघांनी एकदम अप्लाय केलं (बदल लागू केले) तर दुसरा थांबतो. आणि हे ठळक सांगतो, कोडमधून सीक्रेटची व्हॅल्यू (म्हणजे खरा पासवर्ड) दिली तर ती स्टेटमध्ये साध्या टेक्स्टमध्ये जाऊन बसते, सेन्सिटिव्ह लिहिलं तरी फक्त स्क्रीनवर लपते, फाइलमध्ये असतेच. १.११ व्हर्जनपासून राइट-ओन्ली आर्ग्युमेंट आली आहेत पण प्रोव्हायडरने त्या त्या रिसोर्ससाठी ती दिलेली असावी लागतात. आम्ही सरळ मार्ग घेतला, सीक्रेट अझ्युरच्या 'की व्हॉल्ट' या तिजोरीत आणि टेराफॉर्ममध्ये फक्त त्या व्हॉल्टकडे बोट दाखवणारा स्कोप. स्टेटच्या कंटेनरला वाचायची परवानगी सुद्धा मोजक्यांनाच द्या.

परवानग्यांचा विषय सगळ्यात जास्त नीट वाचून करायचा आहे. प्रोव्हायडरमध्ये ग्रँट्स आणि ग्रँट अशी दोन वेगळी रिसोर्स आहेत, नावात फरक एका अक्षराचा पण वागण्यात जमीन अस्मान. ग्रँट्स लिहिलं तर त्या कॅटलॉग किंवा स्कीमावर जे तुम्ही लिहिलंय तेच राहणार, बाकी कुणाला कुणी पोर्टलवरून दिलेलं असेल ते अप्लाय झालं की काढून टाकलं जाणार. ग्रँट लिहिलं तर फक्त त्या एका ग्रुपपुरतं बघणार, बाकीच्यांना हात लावणार नाही. क्लस्टर, जॉब वगैरेच्या परमिशन्स रिसोर्सचंही ग्रँट्ससारखंच आहे, यादीत नाही तो बाहेर. माझं मत असं की शेवटी ग्रँट्सवरच यायचं, कारण एका फाइलकडे बघून कुणाला काय दिसतं हे ठामपणे सांगता आलं पाहिजे, ऑडिटवाले हेच विचारतात. पण जुन्या वर्कस्पेसवर पहिल्या दिवशी ते लावू नका, आधी सध्या कुणाला काय आहे ते सगळं काढा, संबंधित लोकांना दाखवा, नाहीतर सोमवारी सकाळी ॲनालिस्टांचे सगळे रिपोर्ट बंद. आणि एकाच स्कीमावर दोन्ही प्रकार कधीच नको, दोन्ही एकमेकांचं लिहिलेलं पुसत राहतात.

प्लॅन वाचणं हे शिकायचं कौशल्य आहे, ते आपोआप येत नाही. अपडेट इन प्लेस (आहे तेच बदलणं) असेल तर ठीक, पण रिप्लेस लिहून आलं की थांबायचं. वर्कस्पेसचं नाव बदलावंसं वाटलं आणि कोडमध्ये बदललं तर अझ्युर प्रोव्हायडर वर्कस्पेस पाडून नवीन बांधणार असं प्लॅनमध्ये लिहून देतो, म्हणजे त्याच्या आतलं सगळं जाणार. म्हणून वर्कस्पेस, कॅटलॉग, स्टोरेज यांच्यावर प्रिव्हेंट डिस्ट्रॉय लावलेलं असलंच पाहिजे, मग असा प्लॅन तिथेच एरर देऊन अडतो. तसंच कोडची मांडणी बदलताना मूव्ह्ड ब्लॉक वापरा, नाहीतर नुसतं नाव बदललं म्हणून जुनं पाडा नवं बांधा असं होतं. काउंट वापरून ग्रुप किंवा स्कीमाची यादी फिरवू नका, मधलं एक नाव काढलं की पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकतात आणि प्लॅन भलताच दिसतो, फॉर-ईच वापरा, प्रत्येकाला त्याच्या नावाने ओळखतो.

पैशाच्या बाजूने सर्वात जास्त फरक क्लस्टर पॉलिसीने पडला. पॉलिसी म्हणजे जेसनमध्ये लिहिलेले नियम, ऑटो टर्मिनेशन इतक्या मिनिटांच्या वर जाणार नाही, या व्हीएमच्या प्रकारांतलाच निवडता येईल, टॅगमध्ये टीमचं नाव असलंच पाहिजे. हे पोर्टलवरही करता येतं, पण गिटमध्ये असलं की कुणी मर्यादा वाढवून मागितली तर त्याला पुल रिक्वेस्टमध्ये कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायला लागलं की अर्ध्या मागण्या आपोआप मागे पडतात किंवा जॉबच जरा नीट लिहिला जातो. टॅग सगळीकडे सारखे असल्यामुळे बिलात कुठल्या टीमचं किती ते वेगळं दिसतं, त्यावर भांडणं होत नाहीत.

काय कोडमध्ये आणू नये हेही तितक्याच जोराने सांगतो. एखादा ॲनालिस्ट डेटा चाळतोय, नोटबुक उघडून बघतोय, क्वेरी लिहून टाकून देतोय, त्याला यात ओढू नका. डेव्हमध्ये लोकांना मोकळं खेळू द्या, प्रॉडमध्ये पोर्टलवरून बदल करायचे हक्क काढून घ्या. हे दुसरं केलं नाही तर बाकी सगळं केलेलं वाया जातं, कारण कोड एक सांगतो आणि वर्कस्पेस दुसरंच. आमच्याकडे आणीबाणीसाठी एक ॲडमिन ग्रुप आहे, एरवी रिकामा असतो, गरज पडली की माणूस त्यात टाकला जातो आणि नंतर काढला जातो. त्याशिवाय रोज रात्री पाइपलाइनमध्ये नुसता प्लॅन चालतो, डिटेल्ड एक्झिट कोडसकट, फरक सापडला की तो २ परत देतो आणि आम्हाला चॅनलवर मेसेज येतो. सकाळी चहाआधी कळतं की कुठे काय सरकलंय. टेबलं पण आम्ही टेराफॉर्ममध्ये ठेवत नाही, कॅटलॉग आणि स्कीमापर्यंतच थांबतो, टेबलांची रचना ज्या कोडमधून डेटा तयार होतो तिथेच शोभते.

त्रासाच्या गोष्टी पण आहेत. वायएमएल मोठी झाली की वाचवत नाही, पन्नास टास्कच्या जॉबमध्ये इंडेंटेशन शोधत बसावं लागतं, व्हेरिएबल आणि इन्क्लुड वापरून तुकडे केले तरच निभावतं. व्हॅलिडेट कमांड रचना तपासते पण नोटबुकातला कोड चालेल की नाही ते तिला कळत नाही, त्यासाठी डेव्हमध्ये एकदा रन करावंच लागतं. प्रोव्हायडरचं व्हर्जन पिन करून ठेवा आणि ते वाढवायचं तर स्वतंत्र पुल रिक्वेस्टमध्ये वाढवा, दुसऱ्या बदलासोबत मिसळलं तर प्लॅनमधला फरक कशामुळे आला ते कळत नाही. पाइपलाइनला लॉगिन करायला कायमचे टोकन ठेवू नका, ओआयडीसी फेडरेशन (दर वेळी थोड्या वेळापुरती ओळख देणारी पद्धत) लावा, गिटहब ॲक्शन्स आणि अझ्युर दोन्हीकडे सोय आहे, एकदा बसवायला वेळ जातो, पण नंतर टोकन कुठे लीक तर झालं नाही ना ही काळजी राहत नाही.

परवान्याचा प्रश्न बरेच जण विचारतात म्हणून थोडक्यात. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलून बिझनेस सोर्स लायसन्स केला, त्यावरून फुटून ओपनटोफू निघालं, ते लिनक्स फाउंडेशनकडे आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचं १.६ व्हर्जन आलं. पुढे आयबीएमने हॅशिकॉर्प घेतली, तो व्यवहार २०२५ मध्ये पूर्ण झाला. आपल्यासारख्या, फक्त स्वतःचं क्लाउड सांभाळणाऱ्या टीमला त्या परवान्याने अडत नाही, तो टेराफॉर्मशी स्पर्धा करणारं प्रॉडक्ट विकणाऱ्यांसाठी आहे. तरी कंपनीच्या लीगलला ओपन सोर्सच हवं असेल तर ओपनटोफूवर डेटाब्रिक्सचा प्रोव्हायडर चालतो.

एकट्या माणसाची किंवा दोघांची टीम असेल, एकच वर्कस्पेस असेल, तर टेराफॉर्म लगेच घेऊ नका. फक्त बंडल घ्या, त्यातही सगळे जॉब एकदम नकोत, जो जॉब पडला की सगळ्यात जास्त फोन येतात तो एक घ्या, जनरेट करा, बाइंड करा, सर्व्हिस प्रिन्सिपलवर टाका आणि एक महिना तसाच चालवा. वर्कस्पेस दोन झाली किंवा परवानग्या कुणाच्या डोक्यात राहीनाशा झाल्या की टेराफॉर्मकडे वळा, आणि तिथे पहिली फाइल क्लस्टर पॉलिसीची असू द्या, ती इम्पोर्ट करायला सोपी आहे, त्यात डेटा जायची भीती नाही, आणि पुढच्या महिन्याच्या बिलात दिसते त्यामुळे वरच्या लोकांना बाकीच्या कामासाठी वेळ मागणं सोपं जातं.