‘व्हॅम्पीर’ बघितला आणि घरात दोन पार्ट्या पडल्या

शनिवारी रात्री जेवणं उरकून आम्ही चौघं बसलो, मी, नवरा, नणंद आणि तिचा कॉलेजातला मुलगा, आणि लावला डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रेयरचा रक्तपिशाचाचा भयपट ‘व्हॅम्पीर’. १९३२ चा, ब्लॅक अँड व्हाइट, जर्मन, खाली सबटायटल्स, लांबी जेमतेम सव्वा तास. सव्वा तासच आहे म्हणून तर सगळे तयार झाले. भाच्याला तोच सव्वा तास तीन तासांचा वाटला आणि नणंद शेवटपर्यंत उशी पोटाशी धरून बसली होती, आणि नंतर चहावर जी भांडणं झाली ती पिच्चरपेक्षा जास्त वेळ चालली.

(पुढे सगळी गोष्ट सांगणार आहे. नव्वद वर्षं झाली पिच्चरला, स्पॉयलर म्हणून ओरडू नका.)

ॲलन ग्रे नावाचा एक तरुण मासे पकडायचं सामान घेऊन नदीकाठच्या एका खानावळीत मुक्कामाला येतो. रात्री खोलीला कुलूप असताना किल्ली आपोआप फिरते, एक म्हातारा आत येतो, ती मरता कामा नये असं काहीतरी म्हणतो, माझ्या मृत्यूनंतर उघडा असं लिहून एक पुडकं टेबलावर ठेवतो आणि निघून जातो. ती कोण, का मरता कामा नये, काही नाही. मग हिरो सावल्यांच्या मागे मागे फिरत बसतो. सावल्या म्हणजे खरोखर सावल्याच, माणसाशिवाय हिंडणाऱ्या! लाकडी पायाच्या एका शिपायाची सावली एकटीच चालत येते आणि तो बसलेला असतो तिथे त्याला जाऊन चिकटते. कुदळ-फावडं घेतलेल्या एकाची सावली तर उलटी चालते, म्हणजे माती खड्ड्यातून वर जायच्या ऐवजी वरून फावड्यावर येते. भाचा म्हणाला हे तर मोबाईलवर रिव्हर्स करून दोन मिनिटांत होतं. होतं रे बाबा, पण कर की मग.

नवऱ्याची तक्रार एकच, हा हिरो करतो काय? आणि ती तक्रार खरी आहे, मी नाही म्हणणार नाही. हा माणूस नुसता डोळे मोठे करून दारांतून, खिडक्यांतून बघत असतो. पुडक्यातलं रक्तपिशाचांवरचं पुस्तक वाचून, भुताचं मूळ शोधून, रक्तपिशाच म्हातारीचं थडगं उघडायला निघतो तो पुडकं ठेवणाऱ्याच्या वाड्यावरचा म्हातारा नोकर, हिरो नंतर येऊन लोखंडी पहार ठोकायला हात लावतो एवढंच. त्यात हे काम करणारा नटही नव्हता, ज्यानं पैसे घातले तो बॅरन निकोलस द गुन्झबुर्गच ज्युलियन वेस्ट असं नाव लावून हिरो झाला. पुढे तो अमेरिकेत फॅशनच्या मासिकांचा संपादक झाला म्हणे, आणि ते पटतं, कारण सूट त्याला फार छान दिसतो. बाकीचेही बहुतेक नट नसलेलेच लोक धरून आणलेले. मला मात्र तो तसाच हवा होता. वाईट स्वप्नात आपण तरी काय करतो, पळायचं असतं आणि पाय उचलत नाहीत, ओरडायचं असतं आणि आवाज फुटत नाही. हा माणूस सव्वा तास त्याच अवस्थेत आहे. तो धाडसी असता तर मला काडीची भीती वाटली नसती.

आणि ती शवपेटी! हिरोचा आत्मा शरीरातून बाहेर येतो आणि स्वतःचंच प्रेत पेटीत बघतो, पेटीच्या झाकणाला चेहऱ्यापाशी काच. मग कॅमेरा आत. वर झाकण बसतंय, स्क्रू पिळले जातायत, काचेवर मेणबत्ती ठेवली जाते, ती म्हातारी रक्तपिशाच वाकून आत बघते आणि मग पेटी उचलून नेतात तेव्हा आपण आडवे पडून वरून झाडं, आकाश, चर्चचा मनोरा सरकताना बघतो. इथे नणंदेनं सांगितलं की दिवा लाव. भाचा तोवर फोनवर होता, त्यामुळे त्याचं मत मी धरत नाही.

पिच्चर सगळा धुक्यातून बघतोय असा दिसतो. फ्रान्समधल्या कूरतांपिएर गावात खऱ्या जागांवर शूट केलाय, कॅमेरा रुडॉल्फ माते नावाच्या कॅमेरामनचा, आणि तो धूसरपणा यावा म्हणून लेन्सपुढे पातळ जाळीचं कापड धरायचे. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा तीन भाषांत करायचा म्हणून आवाज सगळे नंतर जोडलेले, त्यामुळे माणसं फार बोलतच नाहीत, बोलली तरी लांबून बोलल्यासारखी. नवरा म्हणे टीव्हीचा आवाज बिघडलाय. दोनदा उठून वायर हलवून आला.

पण एक सांगू का, शिव्या घालणारे एकटे आमच्याच घरात नाहीत. १९३२ च्या मे महिन्यात बर्लिनला पहिला खेळ झाला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली आणि ड्रेयरला नंतर काही भाग कापावे लागले. व्हिएन्नात तर पब्लिकनं पैसे परत मागितले, ते मिळेनात म्हणून दंगा झाला आणि पोलीस आले. त्यांचंही चुकलं असं मला वाटत नाही, त्याच सुमाराला अमेरिकेचा ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ येऊन गेले होते, लोक तसलं काहीतरी बघायला तिकीट काढून आलेले आणि इथे पडद्यावर पुस्तकाची पानंच्या पानं वाचायला लावतायत. ती पानं मलाही जड गेली, खरं सांगते, तिथे मी बडीशेप शोधायला उठले. ड्रेयर बिचारा यानंतर आजारी पडला आणि पुढचा मोठा सिनेमा थेट १९४३ ला आला.

बघायचा असेल तर रात्री बघा, दिवे घालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पोटभर जेवून बघू नका, झोप लागेल, आमच्याकडे एकाला लागली (नाव घेत नाही, भाचा नव्हे). नीट केलेली प्रिंट मिळाली तर तीच घ्या, आधीच धूसर असलेल्या सिनेमाची खराब प्रिंट म्हणजे नुसता दुधाचा पेला.

मार्क असे: नणंद ५ पैकी साडेचार, मी ४, भाचा १, नवरा २ आणि तेही फक्त शेवटच्या गिरणीसाठी, त्याला ती दातेरी चाकं आवडली. शेवटी त्या म्हातारीला साथ देणारा दुष्ट डॉक्टर पिठाच्या गिरणीत जाळीच्या पिंजऱ्यात अडकतो, म्हातारा नोकर चाकं चालू करतो आणि वरून पीठ पडत राहतं, पडत राहतं, सगळं पांढरं होतं, हात तेवढा जाळीला धरलेला. रक्ताचा थेंब नाही.

काल दळण आणायला गेले होते. गिरणीवाले काका डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, पट्टा धडधडतोय, म्हणाले आत या ताई, पाच मिनिटं बसा. मी म्हटलं नको, मी बाहेरच उभी राहते.