पीआयके३सीए तपासणी: ब्लॉक पाठवायचा की रक्त?

स्तनाचा कर्करोग हाडात किंवा यकृतात पसरलेला, रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’ (म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी, पण हर-टू हे प्रथिन जास्त नसलेली), आणि नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली ‘पीआयके३सीए’ या जनुकाची तपासणी. ती चिठ्ठी घेऊन लोक तालुक्याच्या लॅबमध्ये येतात नि विचारतात, “भाऊ, रक्तानं होते म्हणतात, मंग तुकडा काहून पाठवाचा?” माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑपरेशनचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, धड असेल तर ब्लॉकच पाठवा.

हा जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असतो. पेशीतल्या पीआय३-कायनेज या एन्झाइमचा पी११०-अल्फा हा मुख्य भाग त्याच्यावरून बनतो. एन्झाइमचं काम म्हणजे पेशीच्या पटलातल्या एका स्निग्ध रेणूवर फॉस्फेट चढवणं; पिप-टूचा पिप-थ्री झाला की पेशीला वाढायचा हुकूम जातो. एच१०४७आर, ई५४५के, ई५४२के अशा ठरावीक जागी बिघाड झाला, तर हुकूम थांबतच नाही. या प्रकारच्या स्तनकर्करोगात साधारण ४० टक्के रुग्णांत हा बिघाड सापडतो. तो गाठीतच झालेला असतो, वारशाने येत नाही. पोरीला लागेल का ही धास्ती वारशाने येणाऱ्या बीआरसीए जनुकाच्या बिघाडासाठी ठेवा, याच्यासाठी नको.

बिघाड बहुतेक वेळा रोगाच्या सुरुवातीलाच झालेला असतो, म्हणून पहिल्या ऑपरेशनचा ब्लॉकही चालतो. तो सेवाग्राम, सावंगी, नागपूर, जिथे ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात असतो. हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टवरचा नंबर घेऊन जा, अर्ज द्या, पोच घ्या. खरी अडचण निघते ती ब्लॉकच्या प्रतीची. तुकडा फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रवात ६ ते ७२ तास राहावा असं मानतात. छोट्या नर्सिंग होममधून आठवडाभर बरणीत पडून आलेले तुकडेही आम्ही पाहतो. त्यातला डीएनए तुटलेला असतो. ब्लॉक बऱ्याच वर्षांचा असेल तरी तीच गत. हाडाचा तुकडा असेल तर तो मऊ करायला तीव्र अ‍ॅसिड वापरलं होतं का, एवढं नक्की विचारा. वापरलं असेल तर त्या ब्लॉकवर पैसे घालू नका.

रक्ताची तपासणी सोपी दिसते: दोन नळ्या, सुई एकदाच, निकालही बहुधा लवकर. गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे त्यात शोधतात. पण गाठ ते सोडेलच असं नाही. अल्पेलिसिब हे याच बिघाडावरचं औषध; त्याच्या मोठ्या चाचणीत गाठीच्या तुकड्यात सापडलेल्या बदलांपैकी सुमारे ५५ टक्केच प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, दिसले. म्हणजे रक्तात पॉझिटिव्ह आलं तर भरवसा ठेवा. निगेटिव्ह आलं तर ब्लॉक तपासल्याशिवाय गप्प बसू नका. रोग औषधाने दबलेला असताना रक्त देणं तर जवळपास वाया. रोग पुन्हा वाढल्याचं स्कॅनमध्ये दिसलं की, नवीन औषध सुरू व्हायच्या आधी द्यावं.

आणि आपलं ऊन! यासाठीची नळी वेगळी, आत संरक्षक द्रव्य असलेली. ती ६ ते ३७ अंशांत १४ दिवसांपर्यंत टिकते असं सांगतात. मे महिन्यात यवतमाळ-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर, आणि कुरिअरचा डबा दुपारभर टपरीबाहेर. तापलेल्या नळीत पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा साधा डीएनए मिसळतो आणि गाठीचा हरवून जातो. बर्फात ठेवणंही चूक. जांभळ्या टोपणाच्या साध्या नळीत घ्यायचं तर काही तासांतच प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. त्यामुळे रक्तच द्यायचं ठरलं, तर पुढच्या फेरीला नागपुरातच द्या. गावातून पाठवू नका. ब्लॉक मेणाचा, तोही गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, पण त्याचं एवढं नखरं नाही.

मग रक्त आधी कधी? ब्लॉक मिळतच नसेल, खराब असेल, किंवा रोग अशा जागी असेल की नवा तुकडा काढणं जोखमीचं. हार्मोनच्या गोळ्या घेत असताना रोग वाढला असेल तर ईएसआर१ या हार्मोनशी संबंधित जनुकातला, नंतर उपजणारा बदल बघायलाही रक्त बरं. जुन्या ब्लॉकमध्ये तो बहुधा नसतोच.

साधी पीसीआर तपासणी या जनुकातल्या ठरावीक जागाच बघते. अनेक जनुकं एकदम तपासणारं पॅनेल महाग, पण एकेटी१, पीटेन ही इतर जनुकंही दाखवतं. कुठली करायची ते डॉक्टरांवर सोडा.

पैसे भरण्याआधी मात्र डॉक्टरांना सरळ विचारा: पॉझिटिव्ह आलं तर औषध कोणतं, महिन्याला किती, महात्मा फुले योजनेत बसतं का? अल्पेलिसिबला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. त्या चाचणीत बिघाड असलेल्या रुग्णांत फुल्वेस्ट्रंट इंजेक्शनसोबत ही गोळी दिल्यावर रोग थोपवला गेला तो मध्यकानुसार ११ महिने, नुसत्या इंजेक्शनवर ५.७. शुगर मात्र अर्ध्याहून अधिक जणांची वाढली. मावशींना आधीच मधुमेह असेल तर उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून कागद सोबत न्या. ते आपल्या तालुक्यातही होतं.