आयसोट्रेटिनॉइनचे सात महिने: चेहऱ्याचं सांगतो, पण आधी ओठांचं

नरकासुराच्या रात्री आम्ही वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याला शेवटचे दात बसवत होतो. मित्राच्या धाकट्या भावाने मोबाइलचा टॉर्च थेट माझ्या तोंडावर मारला आणि म्हणाला, "दादा, तोंड एकदम क्लीन झालं रे तुझं! कसली गोळी ती? नाव सांग, उद्या फार्मसीतून आणतो."

नाव सांगितलं नाही. तो ऐकून घेणार नव्हता म्हणून इथे लिहितोय, आणि लिंक त्यालाच पाठवणार आहे. आयसोट्रेटिनॉइन ही मुरमांवरची गोळी, ती कशी असते, कितीची येते, हे इथे येणाऱ्यांना माहीत असतंच, म्हणून ते दळण दळत नाही. माझं वजन 62 किलो, कॅप्सूल 20 मिलिग्रॅमची, फेब्रुवारीत सुरू केली, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपली. त्याआधी पाच वर्षं फेसवॉश, क्रीम, मुलतानी माती आणि प्रत्येक लग्नात भेटणाऱ्या प्रत्येक मावशीचा सल्ला, असं सगळं करून झालं होतं.

मार्चमध्ये मी याच औषधाबद्दल एका ग्रुपवर लिहिलं होतं: "उगाच घाबरवतात. मला काहीही साइड इफेक्ट नाही. ओठ एकदम मऊ." चार स्टार दिले होते. ते चार स्टार आज मागे घेतो, कारण ते औषधाचे नव्हतेच, चहा-पावाचे होते.

झालं असं. मी डिचोलीहून पणजीला नोकरीला जातो. सकाळी पाववाल्या पोदेराची पों-पों ऐकू आली की उठायचं, एक उंडो पाव चहात बुडवून खायचा आणि त्याच चहासोबत कॅप्सूल गिळून कदंबची बस पकडायची. दोन महिने न चुकता. चेहऱ्यात फरक म्हणावा तर हो, म्हणावा तर नाही. शिगम्याला गुलाल लावून घेतला, तरी मुरूम गुलालाखालून दिसतच होते. मी मनात म्हणालो, औषध सौम्य आहे, हळूहळू जाईल.

एप्रिलच्या भेटीत डॉक्टरनी गालाकडे पाहिलंच नाही, आधी ओठ पाहिले. अंगठ्याने खालचा ओठ जरा ओढून विचारलं, "गोळी घेतोस ना रे?"

मला राग आला. एका स्ट्रिपला 182 रुपये मोजणारा माणूस गोळी घेणार नाही?

"कशासोबत घेतोस?"

"चहासोबत."

"चहासोबत काय खातोस?"

"पाव."

"पावाला काही लावतोस?"

काही लावत नाही. लोणी महाग आहे आणि मी आठवड्यातून एकदाच लावतो. तेव्हा डॉक्टरनी पेन खाली ठेवून सांगितलं की हे औषध 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं आहे, स्निग्धात विरघळतं. तेल-तूप असलेल्या भरपेट जेवणासोबत घेतली तर रक्तात जेवढी उतरते, त्याच्या निम्मीही रिकाम्या पोटी उतरत नाही. ओठ सुकणं ही या औषधाची हजेरी आहे. जवळपास प्रत्येकाचे सुकतात. ज्याचे सुकत नाहीत तो गोळी घेत नाही, नाहीतर चुकीच्या पद्धतीने घेतो.

हे फेब्रुवारीत का नाही सांगितलं? मी विचारलं. चिठ्ठीवर 'जेवणानंतर' असं लिहिलं होतं म्हणे. लिहिलं होतं, मी नंतर पाहिलं. पण चहा-पाव हे जेवण नाही हे मला कोणी सांगितलं? आमच्याकडे सकाळी पोटात जातं ते एवढंच. साठ कॅप्सूल म्हणजे सहा स्ट्रिप, 1,092 रुपये, यातली निम्मी तरी माझ्या मते मांडवी नदीत गेली. या गोळीचा कोर्स महिन्यांवर नसतो, मिलिग्रॅमवर असतो. एक किलो वजनामागे एकूण 120 ते 150 मिलिग्रॅम पोटात जायला हवेत, तरच मुरूम परत येण्याची शक्यता कमी होते. माझ्या वजनाला खालचा आकडा 7,440. मी विचारलं, त्या साठ कॅप्सूलच्या 1,200 मिलिग्रॅमचं काय, त्या मोजायच्या की नाहीत? डॉक्टर म्हणाले, "मोजू." तेवढ्यावर मी भांडण मिटवलं. पण खरं तर त्या मोजायला नको होत्या, आणि हे डॉक्टरांनाही माहीत असणार.

त्या दिवसापासून डोस दुप्पट झाला: एक दुपारी जेवताना, एक रात्री. दुपारी डब्यात शीत (भात), हुमण (माशांची आमटी), तळलेला बांगडा. नारळ भरपूर, तेल भरपूर. सोमवारी-गुरुवारी आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी असतं, तेव्हा आळसांद्याचं तोंडाक, म्हणजे कडधान्याची आमटी. त्यातही नारळ असतोच, त्यामुळे गोव्यात हे औषध घेणाऱ्याला तूप विकत आणायची गरज नाही हे आधीच सांगून टाकतो. श्रावणात महिनाभर मासे नाहीत म्हणून मला धास्ती होती, पण भाज्यांच्या खतखत्यातल्या नारळाने काम भागवलं.

आणि मग बारा दिवसांनी हजेरी लागली.

इथून पुढे जे लिहितो ते कंटाळवाणं वाटलं तर खाली चेहऱ्याकडे जा, पण मला ओठांबद्दल बोलायचं आहे. आधी दोन्ही कोपरे चिरले. मग खालच्या ओठावर मधोमध एक उभी भेग पडली, ती शेवटपर्यंत कधी पूर्ण भरलीच नाही. सकाळी उठलो की ओठ एकमेकांना चिकटलेले. ते हळूहळू सोडवायचे, नाहीतर साल निघते. जांभई अर्ध्यात थांबवायला शिकलो. उंडो दातांनी तोडता येईना, हाताने तुकडे करून खाऊ लागलो, बाकीचे लोक बघायचे. हुमणातली आंबट सोलं भेगेत गेली की डोळ्यात पाणी. हसताना ओठावर हात. ऑफिसातल्या एकाने विचारलं, "लाजतोस काय रे?"

यातला खरा विनोद जूनपासून सुरू झाला. बाहेर असा पाऊस की भिंतींना घाम, चपलांना बुरशी, कपाटातल्या पॅंटला वास, पापड हातात घेतला तर वाकतो. अख्खा गोवा ओला आणि माझे दोन ओठ तेवढे मे महिन्यातल्या सोलापूरसारखे.

लिप बाम किती झाले? नऊ. एकूण 1,340 रुपये, पावत्या ठेवल्यात. पुदिन्याचा थंडगार वाटतो आणि दहा मिनिटांनी जास्त झोंबतो. सुगंधी चाटला जातो आणि चाटलं की आणखी सुकतं. काडीसारखा येतो तो भेगेवर घासताना अंगावर काटा. डॉक्टर म्हणाले साधी पेट्रोलियम जेली लाव. ती चालते, पण तासाभराने रुमालावर असते, ओठांवर नसते.

शेवटी उपाय निघाला म्हापशात. आई दरवर्षी पुरुमेंताच्या खरेदीला जाते, पावसाळ्याची सुकी मासळी, मिरची, चिंच, सोलं भरायला. पिशव्या उचलायला मी. तिथे सत्तरीकडच्या एका बाईकडे सोलांच्या शेजारी भिरंडेलाचे गोळे मांडलेले होते. मालवणकडे याला मुठेल म्हणतात. कोकमाच्या बिया सुकवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर येणारं तूप काढून मुठीने वळायचं. पांढरट, कडक, वासच नाही असा गोळा. बाईच्या बोटांचे ठसे त्यावर अजून होते. आई पायाच्या भेगांसाठी घेत होती. मी म्हटलं, टाचेची भेग भरते तर ओठाची का नाही? साठ रुपये.

हे इथल्या उकाड्यातही वितळत नाही, अंगाच्या उष्णतेला जेमतेम सैल होतं. म्हणून लावायची एक पद्धत आहे. चमच्यात वाटाण्याएवढा तुकडा घ्यायचा, चमचा देवाच्या समईवर क्षणभर धरायचा (आईसमोर नाही), कोमट झालं की बोटाने ओठावर दाबायचं, घासायचं नाही. थोड्या वेळात ते ओठावरच थिजतं आणि मेणासारखा थर बसतो. रात्री लावलं की सकाळी ओठ वेगळेच असतात. दोन वेगळे ओठ घेऊन उठणं यात काय सुख आहे ते ज्याने ही गोळी घेतली त्यालाच कळेल. माझा लिप बामचा खर्च तिथे थांबला. नऊ ट्यूबांपैकी चार अर्ध्या भरलेल्या आहेत, कोणाला हव्या तर सांगा. पुदिन्याची फुकट देईन.

आता चेहरा. डोस वाढल्यावर पहिले तीन आठवडे आधी होतं त्यापेक्षा वाईट, गालांवर शिगम्याच्या मिरवणुकीतला अख्खा रोमटामेळ निघाला. हे होऊ शकतं असं डॉक्टरनी यावेळी आधी सांगितलं होतं (शिकले तेही). मेच्या शेवटी नवे येणं कमी झालं, जूनमध्ये हनुवटीखालच्या हेल्मेटच्या पट्ट्याजवळच्या दुखऱ्या गाठी बसल्या, जुलैत एके दिवशी दाढी करताना लक्षात आलं की ब्लेड कुठेच अडखळलं नाही. नाक तेलकट व्हायचं तेही बंद. ही गोळी तेलाच्या ग्रंथीच आकसवते, त्यामुळे मुरमाला राहायला घर उरत नाही. खड्डे आहेत ते आहेत, ते या गोळीने जात नाहीत. पण माणूस बोलताना आता माझ्या डोळ्यांत बघून बोलतो, गालाकडे नाही, हे खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटतं.

बाकीचं भराभर. ऑफिसच्या एसीत दोनदा नाकातून रक्त आलं. कॉन्टॅक्ट लेन्स टोचायला लागल्या, चष्म्यावर आलो. क्रिकेट खेळल्यावर पाठ दोन दिवस धरलेली. उन्हात कातडी पटकन भाजते, मेमध्ये स्कूटरवर एकदा सनस्क्रीन विसरलो, ते पुरलं. डॉक्टर दर वेळी झोप आणि मन कसं आहे ते विचारायचे, कारण काहींच्या मनावर परिणाम झाल्याच्या तक्रारी आहेत. माझं मन फक्त ओठांमुळे खराब होतं. आणि दारू बंद, लिव्हरसाठी. एप्रिल-मे म्हणजे काजूच्या हुर्राकाचे दिवस. मित्र भाटात लिंबू-मीठ घालून ग्लास भरताहेत आणि मी शहाळं घेऊन बसलोय. वर्षातून दोन-अडीच महिनेच मिळते ती वस्तू. या एका कारणासाठी मी अर्धा स्टार कापणार आहे, मग औषधाचा दोष असो वा नसो.

रक्त तपासणी चार वेळा झाली. ट्रायग्लिसराइड 118 होते ते जूनमध्ये 231. गोळीसाठी तेल खा आणि गोळीमुळे वाढलेल्या चरबीसाठी तेल कमी करा, असा तो पेच. डॉक्टर म्हणाले जेवणातलं राहू दे, गोड आणि फरसाण सोड. गणेशचवथीला नेवऱ्या (करंज्या) मोजून चार खाल्ल्या. आई अजून बोलते.

जुलैत फार्मसीवाल्याशी वाजलं. 20 ची संपली होती, म्हणाला 10 च्या दोन-दोन घ्या, औषध एकच. औषध एकच, पैसे एक नाहीत! 10 ची स्ट्रिप 118 ला, म्हणजे दोनचे 236, तिथे 182 पुरतात. वर मलाच म्हणतो, "चोपन रुपयांसाठी काय?" मी म्हापशाला जाऊन 20 च्या आणल्या. बसभाडं धरून किती वाचले हे घरी सांगितलेलं नाही.

आता मित्राच्या भावासाठी. ऑगस्टमध्ये ताई पेडण्याहून आली होती. तिच्याही हनुवटीवर दोन-तीन आले होते, चार दिवसांनी तिला एका लग्नाला जायचं होतं. टेबलावरची स्ट्रिप उचलून म्हणाली, "एक दे ना मला, एकीने काय होतंय?" मी हातातून ओढून घेतली. इतकी जोरात की ती दुखावली, जेवायलाही नीट बसली नाही. मग तिला स्ट्रिपच्या मागची सूचना वाचून दाखवली. गर्भ राहिलेला असताना ही गोळी थोडीशी जरी पोटात गेली तरी बाळाच्या मेंदूला, हृदयाला, कानांना गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून बायकांना आधी गर्भ नसल्याची तपासणी करूनच ही देतात आणि औषध बंद केल्यावरही महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. ताईच्या लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते. ती काही बोलली नाही, स्ट्रिप माझ्या ड्रॉवरमध्ये तिनेच ठेवली आणि ड्रॉवर बंद केला.

पंधरा ऑगस्टच्या रक्तदान शिबिरात मलाही परत पाठवलं, याच कारणाने. माझं रक्त कोणा गरोदर बाईला चढलं तर? दर वर्षी देतो, बिस्कीट-फ्रूटीवर हक्काने बसतो, यावर्षी फॉर्म भरूनच घरी. शेवटच्या गोळीनंतर महिना उलटला, मग ऑक्टोबरमध्ये जाऊन दिलं.

तर भावा, हे 1982 सालचं औषध आहे, तुझ्याहून आणि माझ्याहूनही मोठं. तसं वागव त्याच्याशी. स्किनच्या डॉक्टरकडे जा, रक्त तपास आणि पाव-चहासोबत घेऊ नकोस. तुझी आधीच मुरमांची अँटिबायोटिक चालू असेल तर तेही सांग, डॉक्सिसायक्लिनसारख्यांसोबत ही चालत नाही, डोक्यातला दाब वाढतो. 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्याही नकोत.

खर्च: गोळ्या 38 स्ट्रिप, 6,916. डॉक्टर सात वेळा, 3,500. तपासण्या 2,600. सनस्क्रीन 1,350. लिप बाम वर सांगितलेच. भिरंडेल 60. एकूण 15,766, आणि यातले लिप बाम माझा गाढवपणा म्हणून वेगळे काढा.

स्टार साडेतीन. अर्धा हुर्राकाचा, एक ओठांचा. शेवटच्या स्ट्रिपमध्ये आठ कॅप्सूल उरल्यात, कोणी मागू नका, पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवणार आहे. भिरंडेलाचा गोळा पाऊण शिल्लक आहे. आई तो टाचांना लावते आणि चमचा काळा कशाने झाला म्हणून रोज विचारते.